मेला उंदीर

रात्रीचे साडेअकरा. स्वयंपाकघरातून कुरतडल्याचा आवाज आला. आमच्या घरी या आवाजाची कार्यपद्धती ठरलेली आहे. पहिल्या कुरकुरीला ही जागी होते. दुसऱ्या कुरकुरीला ती मला जागं करते. तिसरीपर्यंत मी झोपेचं सोंग टिकवतो आणि चौथीला काठी घेऊन उठतो. काठी उंदरासाठी नसते. हातात काही नसलं तर नवरा कामाला लागलाय असं बायकोला वाटत नाही, म्हणून घ्यायची.

या वेळी त्यात एक पायरी वाढली. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली आठ वर्षांची नात अंथरुणात उठून बसली आणि तिने विचारलं, "आजोबा, रॅट आहे की माउस?"

काठी उगारलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

"उंदीर आहे," मी म्हणालो.

"हो, पण रॅट की माउस?"

"मेला उंदीर आहे!" आतून ही ओरडली.

नातीचा चेहरा पडला. "ओह. इट्स डेड?"

"डेड कसला! चांगला जिवंत आहे मेला!"

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला समजावलं की आजी ज्याला 'मेला' म्हणते तो हमखास जिवंत असतो. खरोखर मेलेल्याला ती मेला म्हणत नाही, 'बिचारा' म्हणते. त्यामुळे आजीने मला अजून मेला म्हणणं ही काळजीची नव्हे, समाधानाची गोष्ट आहे. नातीने गंभीरपणे मान डोलावली. यातून तिला नेमकं काय समजलं ते मला पुढे महिन्याभराने कळायचं होतं.

तोवर आवाज थांबला होता. ही झोपली, नात झोपली, बहुधा उंदीरही झोपला. मी एकटा जागा. चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला उत्तर न दिलेला प्रश्न म्हणजे न निघालेली फाइल वाटते. रॅट की माउस?

सकाळी शब्दकोश काढला. आमचा कोश शाळेतला, मुलीच्या सहावीचा. त्यात रॅट म्हणजे मोठा उंदीर आणि माउस म्हणजे लहान उंदीर. प्रश्न सुटला असं वाटून मी नातीला म्हणालो, "माउस मोठा झाला की त्याचा रॅट होतो."

"नो, आजोबा," ती माझी कीव करत म्हणाली. "माउस म्हातारा झाला तरी माउसच राहतो."

हे मला पटलं. मीही कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो.

मग दोन दिवस मी याच अभ्यासात घालवले. निवृत्त माणसाने अभ्यासाला घेतलेला विषय घरच्यांनाही करावा लागतो, त्यामुळे आता आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे की माउस हा वीसेक ग्रॅम वजनाचा जीव असतो, म्हणजे चार चमचे साखर. कान अंगाच्या मानाने मोठे, तोंड टोकदार, आणि पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून तो आरपार जातो. रॅट घरादारात भेटणारे दोन. एक काळा. तो चढण्यात पटाईत, त्याचा मुक्काम माळ्यावर आणि कौलांत. दुसरा तपकिरी, तो अंगाने दणकट आणि गटारात, बिळात राहणारा. तपकिरी रॅट सहज पाव किलो भरतो. एका पारड्यात तो ठेवला तर दुसऱ्यात डझनभर माउस ठेवावे लागतील, अर्थात दोघेही तोवर बसून राहिले तर. दोघांत सोयरीक होत नाही. उलट तावडीत सापडला तर रॅट माउसला मारून खातो.

तपकिरी रॅटचं शास्त्रीय नाव मोठं मजेशीर आहे : रॅटस नॉर्व्हेजिकस, म्हणजे नॉर्वेचा रॅट. हे नाव १७६९ साली जॉन बर्कनहाउट या इंग्रजाने दिलं. हा प्राणी नॉर्वेच्या जहाजांतून इंग्लंडात उतरला असा तिथे समज होता. वास्तविक तो पूर्व आशियाचा. पण घरात उंदीर झाले की ते शेजाऱ्यांकडून आले असं म्हणायची रीत सातासमुद्रापार एकच आहे. आमच्या मजल्यावरचे उंदीर वरच्या मजल्यावरून येतात आणि वरच्यांचे म्हणे आमच्याकडून जातात.

काळ्या रॅटची गोष्ट तर अभिमानाने सांगावी अशी. तो मूळचा भारतीय उपखंडातला. व्यापाराच्या मालाबरोबर प्रवास करत रोमन काळात तो युरोपात पोहोचला आणि तिथलाच झाला. परदेशी जाऊन स्थायिक होणं, तिथे बस्तान बसवणं आणि मग भावकीतल्या सगळ्यांना बोलावून घेणं, हे आमच्या मुलीच्या आणि जावयाच्या दोन हजार वर्षं आधी ज्याने केलं तो हा. ही माहिती मी व्हिडिओ कॉलवर जावयाला दिली. त्यांनी "हो का बाबा" म्हणून फोन मुलीकडे दिला.

पण एवढ्याने माझं समाधान होईना. वीस ग्रॅम आणि पाव किलो हा फरक तराजूचा झाला, भाषेचा नव्हे. लहान आंबा आणि मोठा आंबा यांना आपण वेगळी नावं देत नाही. रोमन लोकही देत नसत. लॅटिनमध्ये दोघांनाही 'मुस'. आणि ज्याने जगातल्या सगळ्या प्राण्यांना नावं द्यायचं कंत्राट घेतलं होतं त्या लिनियसने १७५८ साली दोघांना एकाच खात्यात बसवलं होतं. मग इंग्रजाला दोन शब्द जपायची एवढी काय गरज पडली?

उत्तर नातीच्या गोष्टींच्या पुस्तकांत मिळालं. तिच्याकडच्या पुस्तकांतले माउस कपडे घालतात. ते चहा पितात, चष्मा लावतात, आईचं ऐकतात. मिकी माउस १९२८ साली शिट्टी वाजवत पडद्यावर आला आणि अजून हातमोजे काढायला तयार नाही. १९४० पासून जेरी टॉमला रडवतो आहे आणि जग जेरीच्या बाजूने आहे. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने तर नांगराखाली एका माउसचं घरटं मोडलं म्हणून १७८५ साली अख्खी कविता लिहून त्याची माफी मागितली. आता यातल्या प्रत्येक ठिकाणी माउस काढून रॅट घालून पाहा. मिकी रॅट म्हटलं की मुलं रडत घरी जातील. इंग्रजीत रॅट म्हणजे दगाबाज, रॅट म्हणजे साथीदारांची नावं पोलिसांना सांगणारा, रॅट म्हणजे बुडत्या जहाजावरून आधी उडी मारणारा. संशय आला की इंग्रजाला रॅटचा वास येतो. माउसचा वास आल्याचं कोणी ऐकलेलं नाही. 'रातातुई' नावाचा २००७ सालचा एक सिनेमा आहे, त्यात एक रॅट उत्तम स्वयंपाकी असतो. एवढं कौतुक, पण त्यातही स्वयंपाकी कोण आहे हे कळल्यावर हॉटेलातली माणसं काम टाकून निघून जातात.

म्हणजे फरक वजनाचा नसून वशिल्याचा आहे. एकाच बिळातल्या दोघांपैकी ज्याचा लळा लागला तो माउस आणि ज्याची किळस आली तो रॅट.

दोघं एकत्र भेटतात ते सिंड्रेलाच्या गोष्टीत. चार्ल्स पेरोने ती फ्रेंचमध्ये १६९७ साली छापली. परी भोपळ्याची बग्गी करते. सहा माउस पकडून त्यांचे सहा घोडे करते. आणि गाडीवान? त्यासाठी ती रॅटच्या पिंजऱ्यातून एक मिशाळ रॅट निवडते. म्हणजे गाडी ओढायची माउसनी आणि लगाम रॅटच्या हातात. चौतीस वर्षं नोकरी केल्यामुळे मला या प्रसंगाचं रसग्रहण वाचायची गरज पडली नाही.

तेवढ्यात हिने पिंजरा काढला. बाहेरच्या जगात चिकट पट्ट्या आल्या, विजेची यंत्रं आली, पण हिचा भरवसा माहेरून आलेल्या लाकडी पिंजऱ्यावर. आत आकडीला काय लावायचं यावर मतभेद झाले. नातीचा आग्रह चीजचा, कारण जेरी चीज खातो. "चीज? त्या मेल्याला?" म्हणून हिने भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावला. वासाने येतात म्हणे.

पहाटे खटका पडल्याचा आवाज झाला. सगळे धावलो. आत लांब नाकाचं, बारीक डोळ्यांचं, विलक्षण वासाचं काहीतरी चीं चीं करत होतं.

"रॅट!" नात ओरडली.

"चिचुंद्री," ही नाकाला पदर लावून म्हणाली.

आणि इथे मला पहिल्यांदा इंग्रजीवर मात केल्याचा आनंद झाला. कारण चिचुंद्री रॅट नव्हे, माउस नव्हे, मुळात उंदरांच्या जातकुळीतलीच नव्हे. ती कुरतडणाऱ्यांपैकी नाही, ती किडे खाते, म्हणजे खरं तर आपल्या उपयोगाची. हे शास्त्रज्ञांनी सांगायच्या कितीतरी आधी मराठीने तिचं नाव वेगळं ठेवलं होतं. उलट किपलिंगसारखा भारतात जन्मलेला साहेब. त्याने 'जंगल बुक'मध्ये चुचुंद्राला आणलं, पण त्याची ओळख करून दिली ती रॅट म्हणून. इंग्रजीत चिचुंद्रीच्या भाऊबंदांना 'श्रू' म्हणतात आणि त्याच शब्दाने तिथे कजाग बाईला हाक मारतात. नावात हा शब्द असलेल्या शेक्सपिअरच्या नाटकाचं मराठी रूपांतर वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलं तेव्हा त्यांनी नाव दिलं 'त्राटिका'. चिचुंद्रीची थेट राक्षसीण झाली. मराठी रंगभूमीला छोट्या भूमिका पूर्वीपासूनच मानवत नाहीत.

आणि आमची घूस! मांजराएवढी होते, जोत्याखाली बोगदे काढते आणि मांजर तिला पाहून रस्ता बदलतं. इंग्रज भारतात आला तेव्हा त्याला हा प्राणी दिसला आणि त्याच्या दोन शब्दांचा गर्व उतरला. माउस म्हणवेना, रॅट पुरेना. शेवटी त्याने तेलुगूतून शब्द उचलला. तिथे घुशीला 'पंदिकोक्कु' म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्याचं त्याने 'बँडिकूट' केलं आणि पुढे ऑस्ट्रेलियात भलत्याच एका पिशवीवाल्या प्राण्याला तेच नाव चिकटवून मोकळा झाला. घूस या शब्दाने लहानपणी मला मात्र फार छळलं. एका केंद्र सरकारी कचेरीत हिंदी पाटी होती, घूस देणं आणि घेणं गुन्हा आहे अशा अर्थाची. घूस देणारा माणूस मी समजू शकत होतो. ज्याच्या घरात आहे तो देणारच. पण ती घेणारा कोण, हे कोडं मला हिंदीत लाचेला घूस म्हणतात हे कळेपर्यंत सुटलं नाही.

एकूण, प्रत्येक भाषा आपल्या सोयीने प्राणी नेमते. भूक लागली की हिंदी माणसाच्या पोटात उंदीर धावतात. आपल्या पोटात कावळे कोकलतात. रोमन माणसाने दंड वाकवला आणि कातडीखाली हलणारा गोळा पाहून त्याला वाटलं, हा तर छोटासा उंदीर. त्या छोट्या उंदराचा, म्हणजे 'मस्क्युलस'चा, इंग्रजीत 'मसल' झाला. आज व्यायामशाळेत आरशासमोर उभे राहून मसल दाखवणारे तरुण मुळात उंदीर दाखवत असतात. मराठी माणसाला तिथे बेडूक दिसला, म्हणून आपल्याकडे दंडावर बेडकुळी येते. पक्ष बदलणाऱ्याला इंग्रजाने रॅट म्हटलं, आपण त्याला बेडूकउड्या मारायला लावलं. आपला उंदीर एकट्या डोंगरासाठी राखून ठेवलेला. पोखरला की निघतो. तिथेही त्याचं लहान असणं महत्त्वाचं आहे. डोंगर पोखरून घूस निघाली असती तर खर्च थोडा तरी भरून निघाला असता.

निवृत्तीनंतर मी संगणकाच्या वर्गाला जात असे. तिथला विशीतला सर सांगायचा, "काका, माउस आवळू नका. हलकेच धरा. तो पळत नाही." या माउसचा जन्म १९६४ सालचा, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत. कल्पना डग्लस एंगलबार्टची, बांधणी बिल इंग्लिशची. लाकडाचा ठोकळा, पोटाखाली दोन चाकं आणि मागे वायरचं शेपूट. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने तो भर सभेत चालवून दाखवला. माउस हे नाव पहिल्यांदा कोणी दिलं हे पुढे त्यांच्यापैकी कोणालाच आठवेना. बारशाचं असंच असतं. आत्याबाईंशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. पण पाहा, त्यांनीही रॅट म्हटलं नाही. आणि मराठीनेही त्याला उंदीर म्हटलं नाही. "उंदरावर दोनदा टिचकी मारा" असं सांगितलं असतं तर अर्धा वर्ग खुर्चीवर चढला असता. मी पहिल्या दिवशी घरी येऊन हिला कौतुकाने सांगितलं, "आज माउस धरायला शिकलो."

"मग स्वयंपाकघरातला धरा की," ही म्हणाली.

इथवर आलो आणि मला माझाच राग आला. कारण इंग्रजाला रॅटची किळस का, याचं एक उत्तर मुंबई-पुण्याच्या माणसाला पुस्तकात शोधावं लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसं तापाने फणफणून, काखेत जांघेत गाठी येऊन मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखलं मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने मुंबईतच लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाने पुणं पेटलं आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. तोवर बहुतेक जण हवेला, अंधाराला, घाणीला दोष देत होते. रॅटच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते हे पॉल-लुई सिमोंने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. त्याच वर्षी दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी हवा द्यायला सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर, माटुंग्याचे सरळ रस्ते आखले गेले. दादरच्या हिंदू कॉलनीत ब्लॉक असलेल्या माणसाने उंदराला नावं ठेवताना हे थोडं ध्यानात ठेवावं.

एवढं सोसूनही आपण उंदराचे दोन शब्द केले नाहीत, याचं मला नवल वाटत राहिलं. आणि मग शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मी पालिकेला अर्ज लिहायला बसलो. सवयीने वरती लिहिलं, 'विषय : मूषक उपद्रवाबाबत.'

"मूषक कोण?" हिने खांद्यावरून वाचून विचारलं. "उंदीर लिहा."

"अर्जात उंदीर शोभत नाही."

म्हटलं मात्र, आणि माझी लेखणी थांबली. आपल्याकडेही दोन शब्द आहेत! चौतीस वर्षं एक कागदावर लिहिला आणि दुसऱ्याला काठी दाखवली, पण कधी लक्षात आलं नाही. उंदीर आणि मूषक. फरक वजनाचा नाही, लळ्याचाही नाही. फरक दर्जाचा आहे. डब्याचं झाकण कुरतडतो तो उंदीर. गणपतीच्या पायाशी मोदक धरून बसतो तो मूषक. सिद्धिविनायकाला चांदीच्या मूषकाच्या कानात लोक आपली इच्छा सांगतात. तीच माणसं घरी येऊन उंदराला पाहून किंचाळतात. गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी पिंजरा लावत नाहीत, कारण न जाणो, धरलेला उंदीर ड्यूटीवरचा मूषक निघायचा. विसर्जनाची आरती झाली की त्याची बढती संपते आणि रात्रीपासून तो पुन्हा उंदीर.

देवाखालोखाल मूषकाला मान आहे तो सरकारदरबारी. बिळात शिरेपर्यंत उंदीर, फाइलीत शिरला की मूषक. मुंबई महापालिकेत रात्री काठी आणि विजेरी घेऊन फिरणारे कामगार आहेत, त्यांचं काम उंदीर मारणं. हुद्दा मात्र मूषक संहारक. एका रात्रीत तीस हे त्यांचं ठरलेलं काम. सकाळी मोजून द्यावे लागतात. हे मी अतिशय आदराने लिहितो आहे, कारण माझा एका रात्रीचा आकडा आजवर शून्याच्या पुढे गेलेला नाही.

या तीसच्या पार्श्वभूमीवर मार्च २०१८ आठवून पाहा. विधानसभेत एकनाथ खडसे उभे राहिले आणि त्यांनी स्वपक्षाच्याच सरकारला विचारलं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं दाखवलंय, ते कसे? मी त्या दिवशी कागद घेऊन भागाकार केला होता. रोज पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठावीस. जेवणाची सुट्टी न घेता मिनिटाला एकतीस. म्हणजे पालिकेचे दीड हजार मूषक संहारक रोज मंत्रालयात हवेत. अभ्यागतांना रांगेत उभं राहायला जागा उरली नसती. मग खुलासा आला की तो आकडा मारलेल्या उंदरांचा नसून उंदीर मारायच्या गोळ्यांचा आहे. कारकून म्हणून मी हा खुलासा मनापासून स्वीकारला. रकाना चुकतो. माझाही चुकला आहे. पण तेव्हापासून मला कळलं की मूषक हा उंदराहून वेगळाच प्राणी असला पाहिजे. उंदीर मोजता येतो. मूषकाचा फक्त आकडा असतो.

आणि गंमत अशी की हा मूषक आणि इंग्रजाचा माउस एकाच घरचे. संस्कृतातला मूष, लॅटिनमधला मुस, इंग्रजीतला माउस, सगळे एकाच जुन्या मुळाचे फुटवे. नाव लावून पाहिलं तर गणपतीचं वाहन आणि मिकी माउस चुलत भाऊ ठरतात. एकाने मोदक धरला, दुसऱ्याने हातमोजे घातले, दोघांनीही नशीब काढलं. घरातल्या लाडक्याला आणि देव्हाऱ्यातल्या मानाच्याला जुनं घराण्याचं नाव मिळालं. बाकीच्यांना आपण आपापल्या भाषेत मेला म्हणतो.

हे सगळं मी नातीला जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओके. पण आपला कोणता? रॅट की माउस?"

कारकुनाची लेक असो की नात, मूळ मुद्दा सोडत नाही.

निकाल लागला तिच्या निघायच्या आदल्या रात्री. दोनच्या सुमाराला खटका पडला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात पोहोचलो. पिंजऱ्याचं दार बंद. आकडीवरचं खोबरं साफ. आणि आत कोणी नाही. ही पिंजऱ्याला शिव्या देऊ लागली, मी सवयीप्रमाणे काठीवर टेकून उभा राहिलो. नात खाली बसली. तिने पिंजऱ्याच्या दोन गजांमध्ये आपल्या रंगपेटीतली पेन्सिल घालून पाहिली. पेन्सिल आरपार गेली.

"माउस!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "रॅट असता तर आत राहिला असता."

दोन भाषा, तीन कोश आणि अडीच हजार वर्षांचा इतिहास चाळून मला जे जमलं नाही ते तिने पेन्सिलीने केलं. पिंजरा उंदराचा होता. माउसचं त्याला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. घर एकदम शांत झालं. रात्री कुरकुर झाली तेव्हा ही जागी झाली, पण तिने मला उठवलं नाही. सकाळी मी ओट्याच्या कोपऱ्यात खोबऱ्याचा एक कोरा तुकडा पाहिला. पिंजरा माळ्यावर गेला होता. मी काही विचारलं नाही.

महिन्याभराने नातीचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत भारतातल्या सुट्टीवर निबंध लिहायचा होता, तो तिने कॅमेऱ्यासमोर धरला. वर चित्र होतं : एक आजोबा, हातात काठी, एक आजी, नाकाला पदर, आणि दोघांच्या मध्ये मोठ्या कानांचा, हसऱ्या तोंडाचा एक माउस. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या आजीआजोबांकडे एक पाळीव माउस आहे. तो रात्री येतो. आजी त्याला रोज नावाने हाक मारते. त्याचं नाव मेला.

ही पदरात तोंड लपवून हसत होती.

"आजी," पलीकडून नातीने काळजीने विचारलं, "मेला मेला का?"

"नाही गं बाई," ही डोळे पुसत म्हणाली. "अजून जिवंत आहे मेला."